विंडोज नसताना एकट्या ईएसएक्सआय सर्व्हरचा कारभार कसा चालवायचा

परवा एका मित्राचा फोन आला. नवीन नोकरी, ऑफिसात एकच ईएसएक्सआय सर्व्हर (व्हीएमवेअरची सिस्टम, एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन म्हणजे व्हीएम चालवणारी), व्हीसेंटर (अनेक सर्व्हर एकत्र सांभाळायचं सॉफ्टवेअर) वगैरे काही नाही, ह्याच्याकडे मॅक, आणि आधीचा माणूस जाताना सांगून गेलाय की सर्व्हर बघायचा तर विंडोजवर व्हीस्फिअर क्लायंट टाकावाच लागतो. तर ओएलएक्सवरून एखादा जुना विंडोज लॅपटॉप उचलू का म्हणाला. म्हटलं थांब, पैसे घालवू नकोस, ती गोष्ट कधीच जुनी झाली. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा नीट लिहितोय, कारण हा प्रश्न मला वर्षातून दोन-तीनदा तरी येतोच.

एक आधीच सांगतो, कमांड मी फोनवर बोलून सांगतो तशाच देवनागरीत लिहिल्यात. टाइप करताना सगळं इंग्रजी लहान अक्षरांत (कॅपिटल म्हटलंय तेवढं सोडून), डॅश-स्लॅश जिथे आहेत तिथेच, आणि डॉट म्हटलं की टिंब, आजूबाजूला स्पेस न सोडता.

हा गैरसमज येतो कुठून तेही बघू. ईएसएक्सआय ६.० पर्यंत एकट्या सर्व्हरसाठी जीयूआय (खिडक्या-बटणांचा इंटरफेस) म्हणजे विंडोजवर चालणारा, डॉटनेटवर बांधलेला क्लायंट, बस. ब्राउझरमधला वेब क्लायंट होता पण तो व्हीसेंटरसोबत यायचा आणि तोही फ्लॅशवर चालणारा. मग लिनक्स-मॅकवाल्यांनी करायचं काय, तर लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स, त्यात विंडोज, त्यात क्लायंट, म्हणजे व्हीएम सांभाळायला अजून एक व्हीएम. मी वाईनवर (लिनक्स-मॅकवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) चालवायच्या नादात दोन रविवार घालवलेत, लॉगिनची खिडकीसुद्धा धड आली नाही. त्यात ५.५ मध्ये अजून एक गंमत होती, व्हीएमचं व्हर्च्युअल हार्डवेअर व्हर्जन १० केलं की त्याच विंडोज क्लायंटमधून त्या व्हीएमची सेटिंग बदलता यायची नाही, अपडेट २ मध्ये थोडीफार सोय करून दिली. मग २०१५ मध्ये व्हीएमवेअरच्याच लोकांनी फ्लिंग, म्हणजे प्रायोगिक टूल, म्हणून होस्ट क्लायंट काढला, सर्व्हरच्या आतच बसणारं एचटीएमएल ५ चं पान. २०१६ मध्ये ६.० अपडेट २ पासून ते सोबतच यायला लागलं आणि त्याच वर्षी ६.५ आलं तेव्हा विंडोजचा क्लायंट बंदच झाला.

म्हणजे तुमचा सर्व्हर ६.५ किंवा पुढचा असेल तर काहीच इन्स्टॉल करायचं नाहीये. ब्राउझरमध्ये एचटीटीपीएस लावून सर्व्हरचा आयपी, मग स्लॅश, मग यूआय. सर्टिफिकेट सर्व्हरने स्वतःच बनवलेलं असतं म्हणून ब्राउझर बोंब मारतो, आपलाच सर्व्हर आहे, पुढे जा. रूट (सर्व्हरचा मुख्य युजर) आणि पासवर्ड टाकला की डावीकडे होस्ट, व्हर्च्युअल मशीन्स, स्टोरेज, नेटवर्किंग असं सगळं दिसेल. जुन्या क्लायंटमध्ये जे रोज करायचात ते नव्वद टक्के इथे होतं. व्हीएमचा कन्सोल, म्हणजे तिचा स्क्रीन, तोही ब्राउझरमध्येच उघडतो, विंडोज व्हीएमला कंट्रोल-ऑल्ट-डिलीट द्यायचं असेल तर कन्सोलच्या मेनूत आहे, कीबोर्डवरून दाबू नका, ते तुमच्याच मशीनला जाईल.

आणि कोणी सल्ला दिला की त्यापेक्षा व्हीसेंटर टाका, तर एका सर्व्हरसाठी त्या फंदात पडू नका. व्हीसेंटर ८.० चं सगळ्यात लहान, टायनी साइझ पण १४ जीबी रॅम मागतं. सर्व्हरला ३२ जीबी असेल तर निम्मी रॅम देखरेख करणारालाच गेली, कामाला उरलं काय.

आत गेल्यावर दोन गोष्टी पहिल्या दिवशीच करा. एक म्हणजे ऑटोस्टार्ट. मॅनेज मध्ये सिस्टम, त्यात ऑटोस्टार्ट, ते एनेबल करून कुठली व्हीएम आधी आणि कुठली नंतर हे लावून ठेवा, डोमेन कंट्रोलर असेल तर तो पहिला. आपल्याकडे लाइट जाणार, यूपीएसची बॅटरी नेमकी त्याच दिवशी झोपलेली असणार, आणि लाइट आल्यावर सर्व्हर चालू होऊन नुसता बसून राहणार, कारण व्हीएम चालू करायला त्याला कोणी सांगितलेलंच नाही. दुसरं किरकोळ आहे पण डोक्याला ताप, पान पंधरा मिनिटं हलवलं नाही की लॉगआउट होतं, वरती युजरच्या नावावर क्लिक करून सेटिंग्जमध्ये हा टाइमआउट वाढवता येतो.

आयपीच माहीत नसेल तर सर्व्हरला मॉनिटर आणि कीबोर्ड लावा. पिवळा-करडा असा दोन भागांतला स्क्रीन दिसेल, त्याला डीसीयूआय म्हणतात, आयपी तिथेच लिहिलेला असतो. एफ २ दाबून रूटचा पासवर्ड टाकला की मॅनेजमेंट नेटवर्क बदलता येतं, पासवर्ड बदलता येतो, आणि ट्रबलशूटिंग ऑप्शन्समध्ये एसएसएच (लांबून कमांड टाइप करून सर्व्हर चालवायची सोय) चालू करता येतं. एफ १२ म्हणजे शटडाउन-रिस्टार्ट, उगाच दाबून बघू नका. अजून एक, पासवर्ड पाच वेळा चुकला की रूट १५ मिनिटं लॉक होतो आणि त्या वेळात बरोबर पासवर्ड टाकला तरी चूकच सांगतो, लोकं घाबरून परत परत टाकत बसतात. मॉनिटरिंगच्या एखाद्या टूलमध्ये जुना पासवर्ड सेव्ह राहिला असेल तर ते मागे गुपचूप प्रयत्न करत राहतं आणि लॉक सुटतच नाही. हा लॉक डीसीयूआयला लागत नाही, म्हणून असं झालं की सर्व्हर रूममध्ये जाऊन तिथून बघायचं.

आता एसएसएच. इथे मी जरा जास्त वेळ घेणारे, कारण ब्राउझरचं पान सगळं व्यवस्थित असताना छान चालतं, आणि आपल्याला सर्व्हरची खरी गरज पडते ती काहीच व्यवस्थित नसताना.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मी गावी, लॅपटॉप पुण्यात. ज्या ऑफिसचा सर्व्हर मी बघतो तिथल्या अकाउंटंट काकांचा फोन. "अरे, टॅली उघडेना रे, सकाळपासून नुसतं गोल गोल फिरतंय, उद्या वहीपूजन आहे, मालकांना प्रिंट पाहिजेत." गच्चीच्या एका कोपऱ्यात दोन काड्या रेंज होती तिथे उभा राहिलो. फोनवरून व्हीपीएन लागलं, ब्राउझरमध्ये पान काही पुरतं लोड होईना. एसएसएचचं ॲप होतं फोनमध्ये, त्याला दोन काड्या भरपूर झाल्या. (ऑफिसच्या सर्व्हरचं एसएसएच मी चालू ठेवून आलो होतो, सहसा ठेवत नाही, पण सुट्टीला जाताना ठेवतो.)

पहिली कमांड ही:

विम-सीएमडी व्हीएमएसव्हीसी/गेटऑलव्हीएम्स

गेटऑलव्हीएम्स सगळं जोडून. ह्याने सर्व्हरवरच्या सगळ्या व्हीएमची यादी येते, आणि डावीकडे पहिला कॉलम आहे तो व्हीएमचा नंबर. पुढच्या सगळ्या कमांडमध्ये नाव नाही, हा नंबर लागतो. टॅलीवाल्या व्हीएमचा नंबर १२ होता. मग:

विम-सीएमडी व्हीएमएसव्हीसी/पॉवर डॉट गेटस्टेट १२

पॉवर्ड ऑन सांगतोय. म्हणजे चालू आहे, पण गोठलेली. अशा वेळी बघायची ती ही:

विम-सीएमडी व्हीएमएसव्हीसी/मेसेज १२

आणि आला की प्रश्न. व्हीएमला जेव्हा काहीतरी विचारायचं असतं तेव्हा ती थांबून उत्तराची वाट बघत बसते, ब्राउझरमध्ये असता तर पिवळी पट्टी दिसली असती. प्रश्न असा होता की डिस्कला वाढायला जागाच उरली नाहीये, जागा करून रिट्राय म्हणा नाहीतर कॅन्सल करा. डीएफ डॅश एच मारून बघितलं तर डेटास्टोअर (व्हीएमच्या फाइल ठेवायची जागा) शंभर टक्के भरलेलं. कारण? गणपतीत एक अपडेट टाकण्याआधी मीच स्नॅपशॉट (बिघडलं तर मागे जाता यावं म्हणून व्हीएमची त्या क्षणाची स्थिती) घेतला होता, अपडेट नीट झालं, आणि साहेब स्नॅपशॉट काढायचा विसरले. स्नॅपशॉट घेतल्यानंतर डिस्कवरचा प्रत्येक बदल वेगळ्या डेल्टा फाइलमध्ये जातो आणि ती फुगत राहते, दोन महिन्यांत तिने सगळी जागा खाल्ली. काकांना अर्थात "जरा डिस्कचा प्रॉब्लेम आहे" एवढंच सांगितलं.

डेटास्टोअर म्हणजे व्हीएमएफएस फोल्डरमधलं व्हॉल्यूम्स फोल्डर, तिथे नेहमीच्या लिनक्ससारखंच सीडी-एलएस चालतं. आयएसओच्या फोल्डरमध्ये विंडोज सर्व्हर आणि उबुंटूच्या जुन्या इन्स्टॉलेशन फाइल पडल्या होत्या, दोन्ही मिळून दहा जीबी असतील, उडवल्या. मग मेसेजची तीच कमांड, पण १२ च्या पुढे प्रश्नाचा आयडी आणि त्याच्यापुढे रिट्रायसमोर जो नंबर दाखवलाय तो. मिनिटभरात काकांचा फोन, "झालं रे चालू." त्या रात्री अकरा वाजता, सगळे घरी गेल्यावर:

विम-सीएमडी व्हीएमएसव्हीसी/स्नॅपशॉट डॉट रिमूव्हऑल १२

हे मूळ डिस्कमध्ये सगळा डेल्टा मिसळवत बसतं, त्यालाही थोडी मोकळी जागा लागते, आणि मध्येच सर्व्हर रिस्टार्ट करायचा नाही, कितीही वेळ लागू दे. मला पहाटे चारपर्यंत लागला. तेव्हापासून स्नॅपशॉटच्या नावातच काढायची तारीख लिहितो.

बाकी रोजच्या कमांड ह्याच घराण्यातल्या आहेत. पॉवर डॉट ऑन म्हणजे चालू. पॉवर डॉट शटडाउन म्हणजे आतल्या ऑपरेटिंग सिस्टमला सांगून नीट बंद, पण त्यासाठी व्हीएममध्ये व्हीएमवेअर टूल्स टाकलेले पाहिजेत. पॉवर डॉट ऑफ म्हणजे वायर उपटणं. तेही ऐकत नसेल तर ईएसएक्ससीएलआय व्हीएम प्रोसेस लिस्ट करून त्यातला वर्ल्ड आयडी घ्यायचा आणि ईएसएक्ससीएलआय व्हीएम प्रोसेस किल, टाइप आधी सॉफ्ट, मग हार्ड, आणि फोर्स अगदी शेवटी. सरळ फोर्सवर उडी मारू नका.

एक कमांड मात्र लांबूनच नमस्कार करायच्या लायकीची. व्हीएम यादीतून काढायची पण फाइल ठेवायच्या असतील तर व्हीएमएसव्हीसी/अनरजिस्टर. त्याच्या शेजारीच बसलेली व्हीएमएसव्हीसी/डिस्ट्रॉय ही डिस्कसकट सगळं पुसते, आणि "नक्की का?" असं एका शब्दाने विचारत नाही. नंबर दोनदा वाचल्याशिवाय एंटर मारू नका, शक्यतो मारूच नका, पुसायचं काम ब्राउझरमधून करा, तिथे निदान विचारतं तरी.

ब्राउझरमध्ये ५०३ सर्व्हिस अनअव्हेलेबल दिसतंय पण व्हीएम सगळ्या चालू आहेत, असंही होतं. तेव्हा पूर्ण सर्व्हर रिस्टार्ट करायची गरज नाही, होस्टडी नावाची सर्व्हिस अडकलेली असते. एसएसएचमधून स्लॅश ईटीसी स्लॅश इनिट डॉट डी स्लॅश होस्टडी, स्पेस, रिस्टार्ट. चालू व्हीएमना धक्का लागत नाही, दोन-तीन मिनिटांनी पान परत येतं.

एसएसएचला दर वेळी पासवर्ड टाकायचा कंटाळा असेल तर पब्लिक की टाका, पण नेहमीच्या लिनक्ससारखी होम फोल्डरमध्ये नाही, ईटीसीमध्ये एसएसएच, त्यात कीज-रूट नावाचं फोल्डर, त्यातली ऑथोराइज्ड-कीज फाइल. ह्याचं कारण असं की ईएसएक्सआय चालतो रॅममध्ये, तुम्ही रूटच्या फोल्डरमध्ये किंवा टेम्पमध्ये काही ठेवलं तर रिस्टार्टनंतर ते गायब. मी एकदा मेहनतीने लिहिलेली स्क्रिप्ट अशीच घालवलीये. स्क्रिप्ट असो की आयएसओ, डेटास्टोअरवरच ठेवायचं. एडिटर म्हणून आत फक्त व्हीआय आहे, नॅनो शोधू नका.

मोठ्या आयएसओ ब्राउझरमधून चढवताना मध्येच अडकतात असा माझा अनुभव, त्यापेक्षा एससीपी (एसएसएचवरून फाइल कॉपी करणारी कमांड) बरं. फक्त नवीन मॅक किंवा नवीन लिनक्सवरून जुन्या ईएसएक्सआयला एससीपी केलं की एरर येतो, कारण ओपनएसएसएच ९.० पासून एससीपी आतून एसएफटीपी (फाइल पाठवायची दुसरी पद्धत) वापरतं आणि समोर ते नसतं. एससीपीनंतर डॅश आणि कॅपिटल ओ लावा, जुन्या पद्धतीने जाईल. एवढ्या एका अक्षरासाठी मित्राने अर्धा दिवस नेटवर्क केबल बदलण्यात घालवला होता.

डिस्कची कॉपी काढायची तर एससीपी किंवा सीपी नको, व्हीएम बंद करून व्हीएमकेएफएसटूल्स वापरा: डॅश आय, मग मूळ व्हीएमडीके (व्हीएमच्या डिस्कची फाइल), मग नवीन व्हीएमडीके, आणि डॅश डी थिन. साध्या कॉपीने थिन डिस्क (वापरली तेवढीच जागा घेणारी) फुगून पूर्ण साइझची होऊ शकते, ह्याने नाही होत.

आता फुकटच्या लायसन्सचं दुखणं. फ्री ईएसएक्सआय ब्रॉडकॉमने (व्हीएमवेअर आता त्यांचंच) फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद केला होता, एप्रिल २०२५ मध्ये ८.० अपडेट ३ई सोबत परत आणला. पण आधीही आणि आत्ताही फ्री लायसन्सवर बाहेरून येणारी एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामनी सर्व्हरशी बोलायचा रस्ता) फक्त वाचायला मिळते. म्हणजे मॅकवर पॉवरसीएलआय टाकलं किंवा गोव्हीसी टाकलं (दोन्ही बाहेरून कमांडने सर्व्हर चालवायची टूल), यादी छान येते, आपण खूश, आणि पॉवर ऑन म्हटलं की सांगतं, तुमच्या लायसन्समध्ये हे चालत नाही. लोकं तास-तास स्क्रिप्टमध्ये चूक शोधतात. चूक नसतेच. व्हीएम बाहेरून बॅकअप घेणारी मोठी सॉफ्टवेअर पण ह्याच कारणाने फ्रीवर चालत नाहीत. पण सर्व्हरच्या आत एसएसएचने जाऊन विम-सीएमडी मारलं तर सगळं चालतं, म्हणून मी एसएसएचची एवढी भलामण करतोय. बॅकअपसाठी घेटोव्हीसीबी नावाची जुनी स्क्रिप्ट आहे, ती आतूनच चालते, फ्रीवर पण चालते. लायसन्स विकत घेतलेलं असेल तर मात्र पॉवरसीएलआय बिनधास्त वापरा, २०१८ पासून ते मॅक आणि लिनक्सवर चालतं.

बाहेरून ऑफिसच्या सर्व्हरला लागायचं असेल तर राउटरवर ४४३ किंवा २२ पोर्ट उघडून ठेवायचा विचारसुद्धा करू नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआयआर्ग्स नावाच्या रॅन्समवेअरने जगभरचे हजारो उघडे पडलेले ईएसएक्सआय लॉक केले, ईएसएक्सआयच्या ओपनएसएलपी नावाच्या सर्व्हिसमधल्या ज्या भोकातून तो शिरत होता असं मानतात त्याचा पॅच दोन वर्षं आधीच येऊन पडला होता. व्हीपीएन लावा. तेवढं नसेल जमत तर ऑफिसात एक रास्पबेरी पाय किंवा कुठलंही जुनं लिनक्स मशीन ठेवा आणि त्याच्यातून एसएसएच टनेल काढा: एसएसएच डॅश कॅपिटल एल, मग ८४४३, कोलन, ईएसएक्सआयचा आयपी, कोलन, ४४३, मग पायचा युजर आणि पत्ता. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट कोलन ८४४३ स्लॅश यूआय. तेही पायवर फक्त कीने लॉगिन ठेवून, पासवर्ड बंद. टनेल थेट ईएसएक्सआयमधूनच काढू म्हणाल तर त्याच्या एसएसएचमध्ये फॉरवर्डिंग मुळात बंद असतं.

मॅकवर फ्यूजन प्रो किंवा लिनक्सवर वर्कस्टेशन प्रो असेल तर त्यातूनही सर्व्हरला कनेक्ट होऊन व्हीएमचा कन्सोल बघता येतो, नोव्हेंबर २०२४ पासून दोन्ही सगळ्यांना फुकट आहेत. मला ब्राउझर पुरतो.

आणि सेटिंगचा बॅकअप. दोन कमांड, विम-सीएमडी होस्टएसव्हीसी/फर्मवेअर/सिंक_कॉन्फिग आणि मग त्याच पद्धतीने बॅकअप_कॉन्फिग, मध्ये अंडरस्कोअर. दुसरी कमांड एक लिंक देते, त्यात सर्व्हरच्या नावाच्या जागी नुसतं चांदणीचं चिन्ह असतं, तिथे आपला आयपी टाकून ब्राउझरमध्ये उघडा, छोटी टीजीझेड फाइल उतरेल. लगेच उतरवा, लिंक जास्त वेळ टिकत नाही. ही फाइल परत चढवताना ईएसएक्सआयचा बिल्ड तोच लागतो, म्हणून फाइलच्या नावात बिल्ड नंबर लिहून ठेवा.

हे सगळं मित्राला तासभर सांगितलं. तो सगळं लिहून घेत होता, शेवटी म्हणाला, "ते ठीक आहे रे, पण रूटचा पासवर्ड कोणालाच माहीत नाहीये."

तर त्याचंही सांगतो. अधिकृत रस्ता एकच, ईएसएक्सआय पुन्हा इन्स्टॉल करणं. आधी प्रत्येक व्हीएममध्ये आतून लॉगिन करून ती नीट बंद करायची आणि व्हीएमच्या आतून जेवढा बॅकअप घेता येईल तेवढा घ्यायचा. मग इन्स्टॉलर विचारतो तेव्हा अपग्रेड नाही, त्यात जुना पासवर्ड तसाच राहतो, आणि ओव्हरराइट तर अजिबात नाही, त्यात व्हीएम जातात. इन्स्टॉल आणि प्रिझर्व्ह व्हीएमएफएस डेटास्टोअर असं लिहिलेला पर्याय घ्यायचा. नवीन पासवर्डने आत गेलात की डेटास्टोअर जागेवर दिसेल पण व्हीएमची यादी रिकामी. घाबरू नका, फाइल आहेत, फक्त नोंद नाही. नेटवर्कची पोर्ट ग्रुप (व्हीएम ज्यांना जोडलेल्या असतात ती व्हर्च्युअल नेटवर्क) पहिल्याच नावांनी परत बनवा, स्पेलिंगसकट, नाहीतर व्हीएम चालू होतील पण नेटवर्क लागणार नाही. नावं आठवत नसतील तर प्रत्येक व्हीएमच्या व्हीएमएक्स फाइलमध्ये (सेटिंगची फाइल) लिहिलेली असतात. मग एकेका व्हीएमसाठी विम-सीएमडी सोलो/रजिस्टरव्हीएम आणि पुढे त्या व्हीएमएक्स फाइलचा पूर्ण पत्ता. पहिल्यांदा चालू करताना हलवली का कॉपी केली असं विचारलं तर हलवली म्हणा, व्हीएमच्या नेटवर्क कार्डचा मॅक ॲड्रेस तोच राहतो. मित्राने शनिवारी दुपारी सुरू केलं, सात व्हीएम होत्या, रात्री आठला मला फोटो पाठवला, सगळ्या हिरव्या. मॉनिटरच्या मागे नवीन पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली त्याच फोटोत दिसत होती, ती त्याला आधी काढायला लावली.